लायनरची जोडी आणि अर्धी बाटली तेल

खानवेल मागे टाकलं की रस्ता सागाच्या झाडांमधून हळूहळू चढत जातो आणि माथ्यावर पोचल्यावर, कसलीही सूचना न देता, खाली सुटतो. घाट म्हणावा असा तो उतार नाही. आमच्या कोकणात त्याला कोणी नावही दिलं नसतं. पण त्याच्या मधोमध एक वळण आहे, वळणाच्या बाहेरच्या अंगाला खोलगट शेत आहे आणि तळाला ओढ्यावरचा अरुंद, बिनकठड्याचा पूल आहे. नव्वद सालाच्या आसपासची दोन-अडीच वर्षं मी दर सोमवारी सकाळी मोटरसायकलवरून तो उतार उतरत असे. मागे बायको बसलेली असे. त्या काळातले माझे बहुतेक रविवार या सोमवारांनी खराब केले.

मी सिल्वासाच्या सरकारी शाळेत मराठी शिकवत होतो. बायकोही शिक्षिका. तिची बदली त्या उताराच्या पलीकडच्या प्राथमिक शाळेत झाली, तेव्हा ऑर्डरमध्ये 'जनहितार्थ' असा शब्द होता. जनांचं हित कशात आहे हे सरकारला नेमकं माहीत असतं. सकाळची बस किती वाजता पोचते हे मात्र माहीत नसतं. बस पोचायची तेव्हा शाळेची प्रार्थना, हजेरी आणि पहिला तास आटोपलेला असायचा. म्हणून सोमवारी मी तिला सोडायचो, आठवडाभर ती तिथल्याच एका बाईंच्या खोलीत राहायची आणि शनिवारी दुपारी मी तिला परत आणायचो. माझी शाळा दुपारची आणि शनिवारी तेवढी सकाळची असल्यामुळे हे जमायचं.

गाडी शंभर सीसीची, जुनी घेतलेली. विकणाऱ्या गृहस्थाने "फक्त ऑफिसला जाऊन यायचो हो" असं सांगितलं होतं. त्याचं ऑफिस कुठे होतं हे मी विचारलं नाही. गाडीच्या अवस्थेवरून ते बहुधा दिल्लीला असावं.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी वळणाच्या अलीकडे मी ब्रेकवर पाय दिला. पाय थेट खाली गेला, मागच्या चाकातून भांडं खरवडल्यासारखा आवाज आला आणि गाडी आपल्या गतीने चालत राहिली. पुढचा ब्रेक होता, पण तो नुसता सोबतीला होता. मी गिअर खाली टाकले, दोन्ही पाय रस्त्याला लावले आणि आम्ही पुलाच्या अगदी तोंडाशी थांबलो.  बायको एका बाजूला पाय टाकून बसायची, मांडीवर वह्यांची पिशवी. शाळेपर्यंत ती पिशवी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती, एवढंच.

पुढच्या सोमवारी माथ्यावर पोचताच तिने माझ्या खांद्यावर बोट टेकवलं.

"थांबवा."

"काय झालं?"

"मी चालत येते. तुम्ही खाली जाऊन उभे राहा."

"अगं, मी हळूच घेतो की."

"हळू घ्यायला ब्रेक लागतो ना? तुम्ही खाली पोचलेले दिसलात की मी निघते. घरातलं एक माणूस तरी वर्गात वेळेवर पोचलं पाहिजे."

मी गाडीला पहिल्या गिअरमध्ये कुरकुरत खाली नेलं आणि पुलाजवळ उभा राहिलो. ती माथ्यावरून पदर सावरत, पिशवी खांद्याला लावून, शांतपणे उतरत आली. लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या दोन वारली बायका तिच्याबरोबर गप्पा मारत आल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. ओढ्यावर बैल धूत असलेल्या एका म्हाताऱ्याने मला सरळच विचारलं, "भांडण झालं का मास्तर?"

"नाही हो. ब्रेक गेलाय."

"हां," तो म्हणाला. माझ्यावर त्याचा विश्वास बसला नाही, हे उघड होतं.

असे तीन सोमवार गेले. बायको चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला समजावता येतं. ती चिडली नव्हती. तिने फक्त एका यंत्रावरून आणि ते चालवणाऱ्यावरून आपला भार काढून घेतला होता.

हल्लीच्या मोटरसायकलींना पुढे चकती असते आणि तिला चिमटा काढणाऱ्या तुकड्यांना पॅड म्हणतात. तेव्हा आमच्या गाड्यांना ड्रम असायचे. चाकाच्या मधोमध एक बंद डबा, त्यात चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू आणि त्यांच्या पाठीवर चिकटवलेला खरखरीत पट्टा, म्हणजे लायनर. पाय दिला की चंद्रकोरी फाकतात आणि लायनर डब्याला आतून घासून चाक थांबवतात. माझे लायनर पार झिजून आता लोखंडावर लोखंड घासत होतं. नवी जोडी टाकायची, एवढाच प्रश्न. पण 'कोणती?' या शब्दाने माझी त्या महिन्याची झोप नेली.

सिल्वासाला लागूनच्या आमलीच्या नाक्यावर एका गुजराती शेठचं सुट्या भागांचं दुकान होतं. मी लायनर मागितले. त्याने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. दोन डबे आणि एक वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी.

"आ ओरिजिनल छे," पहिल्या डब्यावर बोट ठेवून तो म्हणाला. मग दुसऱ्यावर, "आ ओरिजिनल जेवुं छे," म्हणजे ओरिजिनलसारखं. मग पुडीकडे न बघताच, "अने आ चाली जशे."

"चालून जाईल हो शेठ, पण थांबेल का?"

तो मनापासून हसला. "तमे मास्तर छो ने?"

पहिल्या डब्याची किंमत ऐकून मी तो परत ठेवला, तो इतक्या हळू, की जणू आत कोणी झोपलेलं असावं. दुसऱ्या डब्याचा रंग तोच, अक्षरांचं वळण तेच, फक्त नाव जरा लांबच्या नातेवाइकाचं. पहिल्यावर छापलं होतं, 'नकली मालापासून सावध राहा.' दुसऱ्यावरही तेच छापलं होतं, आणि जास्त ठळक. पुडीवर एका लग्नाच्या जाहिरातीतलं अर्धं वाक्य होतं. प्रामाणिकपणाच्या बाबतीत मला पुडी उजवी वाटली, पण प्रामाणिकपणाने चाक थांबत नाही.

मी त्या दुकानात तीनदा गेलो आणि तीनदा रिकाम्या हाताने आलो. स्वस्त घ्यावं तर वळणावरचं ते शेत दिसायचं. महाग घ्यावं तर मनात यायचं की महागाच्या डब्यात स्वस्ताचाच माल नसेल कशावरून? डबा छापायला काय लागतं? वापीला कंपनीचं अधिकृत दुकान होतं. तिथेही एकदा जाऊन आलो. तिथल्या टाय लावलेल्या तरुणाने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रंगीत पत्रक दिलं. लायनर मात्र 'पुढच्या आठवड्यात येणार' होते. मी वाचणारा माणूस आहे. त्या पत्रकातलं एकूण एक वाक्य मी वाचलं आणि कशावरच विश्वास बसला नाही. वाचनाचा हा एक तोटा आहे.

त्या वेळी आम्ही आमलीत एका ओळीतल्या सहा खोल्यांपैकी एकीत राहत होतो. पुढे सामाईक अंगण, कोपऱ्यात नळ. शेजारच्या खोलीत शिरपूरकडचं एक जोडपं होतं. नवरा चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, पहिल्या पाळीहून परतायचा तेव्हा भुवयांपासून चपलांपर्यंत भुऱ्या रंगाचा झालेला असायचा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला सर म्हणायचा. तो 'कंपनीत' होता. आमच्याकडे त्या काळात निम्मं गाव कंपनीत होतं, आणि मी वर्षभरात कधी कोणती कंपनी हे विचारलं नव्हतं.

एका सुट्टीच्या दुपारी मी अंगणात मागचं चाक खोलून बसलो होतो. झिजलेल्या शूकडे टक लावून बघत होतो. भाऊ नळावर हात धुवायला आला.

"काय पाहून राहिले सर?"

"लायनर."

"पाह्यल्यानं वाढत नाही ते."

मग मी त्याला दोन डब्यांची आणि पुडीची कहाणी सांगितली. वापीची, पत्रकाची, नकली मालाची. चांगली दहा मिनिटं. तो साबण लावून कोपरापर्यंत हात धूत ऐकत होता. पाणी आधी भुरं, मग पांढरं, मग पुन्हा भुरं येत होतं.

"सर," तो शेवटी म्हणाला, "मी कंपनीत काय बनवतो, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही."

"लायनर."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो मात्र नळ बंद करून हात झटकत होता, जणू त्यात विशेष काही नव्हतं. तो प्रेसवर होता. खडबडीत मसाला साच्यात दाबून, तापवून त्याचे पट्टे करायचे आणि ते शूवर चिकटवायचे, हे त्याचं काम. त्याची घरवाली पॅकिंगमध्ये होती. तिला मी विचारलं, "वहिनी, महाग डबा आणि स्वस्त डबा यांच्यात फरक काय असतो हो?"

"महागवाला डबा जाड असतो," ती म्हणाली.

भाऊने मला समजावलं. ज्या जोडीचा कोपरा जरा उडाला असेल किंवा छपाई वाकडी आली असेल, ती बाजारात जात नाही. शनिवारी कंपनी असा माल कामगारांना चिठ्ठीवर स्वस्तात देते. "पण त्यातही पाहून घ्यावं लागतं. मी पाहून देतो तुमच्यावाली जोडी."

पुढच्या शनिवारी त्याने दोन जोड्या आणल्या. अंगणातल्या धुण्याच्या दगडावर त्याने एकेक शू हलकेच आपटला. "हा घ्या. हा घ्या. हा नाही."

"हा का नाही?"

"आवाज ऐका ना सर. हा टण वाजला. हा थप वाजला. थप वाजला म्हणजे आत गोंद धरेल नाही."

मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत आपण ज्या चेहऱ्याने मान हलवतो तशी मी हलवली. त्याने लायनरवर पॉलिश पेपर फिरवला, ड्रम कोरड्या फडक्याने पुसला, चाक बसवलं. "पहिले आठ दिवस जपून. ते एकमेकांना ओळखतील, मग धरतील."

धरलं त्यांनी. मी एकटाच दोनदा उतारावर जाऊन आलो. तिसऱ्या वेळी मागे वह्यांची पिशवी बांधून गेलो, बायकोच्या वजनाची नव्हे, पण तेवढ्याच जबाबदारीची. त्यानंतरच्या सोमवारी माथ्यावर तिचं बोट खांद्याला लागेल म्हणून मी वाट बघत होतो. लागलं नाही. वळण गेलं, पूल गेला. शाळेच्या दारात उतरताना ती म्हणाली, "पुलावरचा म्हातारा निराश झालेला दिसला."

मला इतकं हलकं वाटलं की परतताना मी मोठ्याने गाणं म्हटलं. मी सहसा म्हणत नाही, आणि ऐकणाऱ्यांनी त्याबद्दल आजवर आभारच मानलेत.

त्याच सुमारास आमच्या शाळेच्या मैदानावर वाहतूक सुरक्षेचा कार्यक्रम ठरला. प्रशासनातले एक मोठे साहेब प्रमुख पाहुणे. हेडमास्तरांनी घोषवाक्यं आणि साहेबांचं भाषण लिहायचं काम माझ्यावर सोपवलं, कारण मराठीच्या शिक्षकाला दुसरं काही काम नसतं. मांडव घातला, चुन्याच्या रेघा मारल्या, शाली आल्या. साहेबांची जीप आली. ड्रायव्हर खाली उतरला, शेजारच्या बांधावरून त्याने एक चांगला मोठा धोंडा उचलून आणला आणि मागच्या चाकाखाली ठेवला. जीपचा हँडब्रेक लागत नव्हता. मग साहेब मंचावर गेले आणि मी लिहिलेलं वाक्य त्यांनी गंभीर आवाजात वाचलं, "स्वस्त सुट्या भागांच्या मोहाला बळी पडू नका. जीव बाजारात मिळत नाही."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझी गाडी पंचवीस पावलांवर उभी होती आणि तिच्या पोटात कोपरा उडालेले लायनर होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आपणच लिहिलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते खरं वाटायला लागतं. त्या संध्याकाळपासून माझी काळजी पुन्हा सुरू झाली. एखाद्या वस्तूला कारखान्याने नापास केलं आहे आणि आपण तिच्यावर बायकोला बसवतो आहोत, हा विचार डोक्यातून जाईना.

मग दसरा आला. आमच्या ओळीत सगळ्यांनी गाड्या, सायकली, शिवणयंत्रं धुतली. भाऊच्या कंपनीत प्रेसलाही हार घातला होता म्हणे. बायकोने आमच्या गाडीला हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ बांधली. मी खिडकीतून बघत होतो आणि नेहमीचं भाष्य करत होतो. "झेंडूने ब्रेक लागतात असं पुस्तकात कुठे दिलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग पुस्तकात काय दिलंय ते तुम्ही करा."

मी केलं. गाडीबरोबर मिळालेली मालकासाठीची पुस्तिका मी काढली आणि तिच्यात सांगितलेला एकूण एक सांधा शोधला. क्लचची वायर, स्टँडची स्प्रिंग, साखळी. मागच्या ब्रेकच्या दांड्याची खुंटी ड्रममध्ये शिरते, तिथेही एक थेंब तेल द्यावं असं लिहिलेलं होतं. शिवणयंत्राच्या तेलाची नवी बाटली फोडली होती. पावसाळ्याचं पाणी आत गेलं असेल, गंज चढला असेल, या काळजीने मी तिथे एक थेंब दिला. मग काळजी कमी झाली नाही म्हणून आणखी दिला. शेवटी बाटलीची चोच त्या फटीत खुपसून ठेवली आणि आत ठिबकण्याचा आवाज ऐकत बसलो. बायकोची पूजा पाच मिनिटांत आटोपली होती; माझी पाऊण तास चालली.

त्यानंतरच्या सोमवारी उतारावर ती मागे बसलेली होती. माळ अजून हँडलला होती, जरा सुकलेली. वळणाच्या अलीकडे मी पाय दिला. आवाज नाही, खरखर नाही. पाय मऊ लोण्यात गेल्यासारखा गेला आणि गाडीचा वेग वाढला. वळणावर समोरून एक माणूस पाच-सहा शेळ्या घेऊन वर येत होता. मी हँडल शेताकडे वळवलं. बांधावरून गाडी खाली गेली, भाताच्या चिखलात रुतली आणि आडवी झाली.

मला काही लागलं नाही. ती दोन हातांवर पडली होती. एका हातातल्या सगळ्या बांगड्या फुटल्या होत्या आणि मनगटातून रक्त येत होतं. वह्या शेतभर पसरल्या होत्या. शेळ्यावाला धावत आला, त्याने आधी तिला उठवलं, मग माझ्याकडे बघितलं आणि शेळ्यांकडे परत गेला. ती बांधावर बसून एकेक काच वेचत राहिली. मग उठून उरलेला उतार चालत गेली. मी चिखलातून वह्या गोळा करत होतो, तेव्हा दोनदा त्याच वह्या पुन्हा पडल्या.

त्या दिवशी शाळेने तिला परत पाठवलं. एका दुधाच्या टेम्पोतून आम्ही दोघं आणि गाडी असे सिल्वासाला आलो. भाऊ अंगणात खाटेवर चहा पीत होता. तिच्या मनगटावरची पट्टी बघून तो उठून उभा राहिला.

"ताई, काय झालं?"

तिच्याऐवजी मीच बोललो. वाटेत तासभर जे शिजवत आणलं होतं ते सगळं. साहेबांचं भाषणही बहुधा त्यात होतं. शेवटी म्हणालो, "रिजेक्ट तो रिजेक्टच, भाऊ. चूक माझी. स्वस्तात बायकोचा जीव टांगला."

ओळीतल्या दोन-तीन दारांत माणसं येऊन उभी राहिली. भाऊने कप खाली ठेवला.

"सर, कोपरा रिजेक्ट होता. लायनर नाही." एवढंच म्हणाला. आणि पाना घेऊन चाकापाशी बसला.

त्याने ड्रम उघडला. मग त्याने आत बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बोट चकाकत होतं.

"तेल कोणी टाकलं?"

मी चाकाजवळचा नट उचलून बाजूला ठेवला.

"सर, आत तेल कोणी टाकलं?"

"दसऱ्याला... पुस्तकात लिहिलं होतं."

"किती लिहेल होतं?"

"एक थेंब."

"आणि तुम्ही?"

मागून, दारातून बायकोचा आवाज आला. "बाटली नवी होती. आता अर्धी आहे."

कोणी हसलं असतं तर मला सोपं गेलं असतं. भाऊची बायको तेवढी तोंडाला पदर लावून आत गेली. भाऊने बोट फडक्याला पुसलं. मी माफी मागितली. ती कशी मागितली ते आठवत नाही. शब्दांचा माणूस असूनही वाक्य पुरं झालं नव्हतं एवढं आठवतं. झेंडूच्या माळेने ब्रेकचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते माझ्या शास्त्राने, आणि ते मी दुसऱ्याच्या माथी मारून मोकळा होत होतो.

"हे पेट्रोलने धुता येणार नाही का?" मी विचारलं.

"येईल. पण तेल पिलेला लायनर पुन्हा भरवशाचा नाही." जरा थांबून तो म्हणाला, "वापीहून आणा तुम्ही, ओरिजिनल. मी बसवून देतो. राग नाही सर."

राग नाही, हे तो ज्या आवाजात म्हणाला त्यावरून मला कळलं की वापीहून आणलं तर या अंगणात मला कोणी 'सर' म्हणेल, पण ते आधीसारखं नसेल. दुसरीकडे, बायकोच्या मनगटाची पट्टी समोर होती. वापीच्या लायनरवर मी तिला बसवलं असतं आणि काही झालं असतं, तर दोष त्या रंगीत पत्रकाचा ठरला असता. महागाच्या डब्यात खरी सोय हीच असते, हे मला त्या क्षणी समजलं. लायनर तोच, पण डबा जाड.

"पुढच्या शनिवारी आणखी एक जोडी मिळेल का, भाऊ?" मी विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "पाहतो."

तो आठवडा ती रजेवर घरीच होती. शनिवारी भाऊने जोडी आणली, धुण्याच्या दगडावर वाजवली. या वेळी मी खरंच कान देऊन ऐकलं. तरीही मला फरक कळला नाही, पण त्याचा चेहरा टण वाजल्यासारखा झाला ते मला दिसलं. रविवारी सकाळी चाक बसवून झाल्यावर तो गाडीवर मागे बसला.

"कुठे?" मी विचारलं.

"तुमच्यावाल्या उतारावर. मी बसतो मागं."

"अहो भाऊ, नको. नवीन लायनर आहेत, बसायला वेळ—"

"बनवतो मी. बसायला नको का?"

खानवेल मागे पडलं. माथ्यावर मी गिअर खाली टाकला. भाऊने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. मला धरलं नव्हतं, सीटलाही नाही. "पाय टाका," तो म्हणाला, "जास्त नाही. हां. आता सोडा. आता टाका." वळण आलं. "इथं थांबवा." मी पाय दिला. पहिल्यासारखी पकड नव्हती, पण होती. चाकातून एक कोरडा, प्रामाणिक घुर्र असा आवाज आला आणि गाडी वळणाच्या मधोमध, त्या शेताच्या समोर, उभी राहिली. शेतात आमच्या पडण्याची खूण अजून होती. भाऊ तिच्याकडे बघत म्हणाला, "बरीच मोठी जागा होती सर तुम्हाला पडायला."

मग तो खोकला. बराच वेळ खोकत होता. ती भुरी धूळ त्याच्या छातीत किती गेली असेल हा विचार मला त्या दिवशी आला नाही. माझी काळजी तेव्हा फारच माझी होती. तो विचार फार नंतर आला, आणि तेव्हा त्याला सांगायला तो आमलीत उरला नव्हता. आजारपणात गावी परतला होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. माथ्यावर मी वेग कमी केला, तिला उतरायला सोपं जावं म्हणून.

"काल भाऊ बसले होते मागे?" तिने विचारलं.

"हो."

"कुठे थांबवायला सांगितलं त्यांनी?"

"वळणावर."

"मग तिथे थांबवा."

मी वळणावर थांबवली. ती उतरली, पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागली.

"आता का उतरलीस? थांबली ना गाडी?"

"लायनरवर माझा विश्वास आहे," ती वळून म्हणाली. "तुमच्या बाटलीवर नाही."

त्या शनिवारी ती घरी आली, तेव्हा तिने सगळ्यात आधी शिवणयंत्राच्या तेलाची ती अर्धी बाटली उचलून शेजारी भाऊच्या बायकोकडे नेऊन ठेवली. दार वाजो, पंखा वाजो, शिवणयंत्र वाजो, यापुढे तेल हवं असेल तर शेजारी जाऊन मागायचं आणि कशाला हवंय ते सांगायचं. वहिनी एका थेंबाच्या वर देत नसे. माझ्यासारख्या सुशिक्षित माणसाला ही शिक्षा जरा कडक होती, पण मी अपील केलं नाही.

पुढच्या सोमवारी ती मागे बसून राहिली. माथा, वळण, पूल. मी संपूर्ण उतारभर ब्रेकवरचा पाय काढला नाही. अर्धवट दाबलेलाच ठेवला. तळाशी पोचलो तेव्हा मागच्या चाकातून जळका वास येत होता आणि ड्रमला हात लावता येत नव्हता.

शनिवारी भाऊला हे सांगितलं. तो कपाळाला हात लावून खाटेवर बसला.

"सर, असं चालवलं तर महिन्यात घासतील ते."

"मग दर महिन्याला जोडी लागेल."

"बरं," तो म्हणाला. मग त्या घटनेनंतर पहिल्यांदाच हसला आणि आत वाकून बायकोला ओरडला, "ऐकलं का? सरांमुळं आपली नोकरी पक्की झाली!"